शाळेची बाग पुन्हा धरताना

मृगाचा पाऊस सुरू झाला की कोकणपट्टीतील शाळा पुन्हा गजबजतात, आणि शाळेमागच्या बागेची दुर्दशाही त्याच दिवसांत सर्वांच्या नजरेस पडते. उन्हाळ्याच्या सुटीत पाणी घालावयास कोणी नव्हते, म्हणून मिरचीची रोपे वाळून काड्या झालेली असतात. कुंपणाला पडलेल्या भगदाडातून गुरांनी आत शिरून वेलींचा फडशा पाडलेला असतो. वाफ्यांच्या कडा ढासळलेल्या असतात, आणि गतवर्षी मोठ्या हौसेने रंगविलेला ‘आमची बाग’ हा फलक तेवढा तिरका होऊन उभा असतो. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एक सुस्कारा टाकला जातो व बागेचा विषय पुढच्या वृक्षारोपणाच्या समारंभापर्यंत तहकूब होतो. आमचे म्हणणे असे की, ह्या मोडलेल्या बागेकडे शाळांनी अपयश म्हणून पाहू नये. बाग एकदा लावणे सोपे आहे. खंड पडल्यावर तीच बाग मुलांच्या हातून पुन्हा धरणे, ह्यात जे शिक्षण आहे ते पहिल्या लागवडीतही नाही. गोमंतकातील पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवून आज ह्या प्रश्नाचा विचार करावयाचे योजिले आहे.

बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांस गोमंतक काही परका नाही. आपल्यापैकी कित्येक घराण्यांची कुलदैवते तेथे आहेत, आणि लग्नमुंजीनंतर देवदर्शनास जाण्याचा प्रघात अजून मोडलेला नाही. नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय शिवछत्रपतींनी १६६८ साली पुन्हा उभारले, हे तर शाळकरी मुलासही ठाऊक असते. ते नार्वे डिचोली तालुक्यातच आहे. पेडणे हा गोव्याचा उत्तर टोकाचा तालुका. त्याच्या एका अंगास तेरेखोल नदी, दुसऱ्या अंगास शापोरा आणि पश्चिमेस समुद्र. डिचोली त्याच्या आग्नेयेस, किनाऱ्यापासून आत, टेकड्या, मळे आणि खाणी ह्यांचा मुलूख. दोन्ही तालुके पोर्तुगीजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणून त्यांची गणना ‘नव्या काबिजादीं’त होते. देवळे, कीर्तने, पुराणे आणि मराठी अक्षरओळख ह्यांची परंपरा तेथे बऱ्याच अंशी अखंड राहिली, त्याचे एक कारण हे उशिरा आलेले परराज्य होय.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९६३ च्या डिसेंबरात, पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. कोठे देवळाच्या अग्रशाळेत, कोठे कोणाच्या ओसरीवर, तर कोठे नव्या कौलारू खोलीत त्या भरू लागल्या. आज त्याच शाळांपैकी पुष्कळांची पटसंख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे व काही कायमच्या मिटल्या आहेत. त्यातच २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळांना कुलपे लागली, ती जवळजवळ दोन वर्षे नीट निघाली नाहीत. त्या काळात मुले घरी अडकली आणि शाळेच्या वाफ्यांत रान माजले. एका सुटीचा खंड भरून काढता येतो. दोन वर्षांच्या खंडात मात्र बी संपते, अवजारे गंजतात आणि वाफा कसा बांधतात हे धाकट्यांस दाखविणारी मोठी मुले शाळा सोडून गेलेली असतात. बागेचे ज्ञान शाळेत वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जाते. ती साखळी तुटली, हे त्या दोन वर्षांचे खरे नुकसान होय.

मुळात शाळेच्या बागा मोडतात तरी का? पहिले कारण पंचांगाचे आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे १२० इंच पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. एप्रिल-मे महिन्यांत जांभ्या दगडाची जमीन तव्यासारखी तापते, विहिरी तळ गाठतात, आणि नेमकी त्याच वेळी मुले सुटीवर असतात. २०२५ साली सहावीपासून पुढच्या बहुतेक वर्गांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू करण्यात आले; तरी मे महिन्याची सुटी राहिलीच. दुसरे कारण माणसांचे. बाग बहुधा एका हौशी शिक्षकाच्या जिवावर चालते. त्याची बदली झाली की बागही त्याच्याबरोबर जाते. तिसरे कारण योजनांचे. २०१९ साली केंद्र शासनाने शाळांतील पोषण-बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२१ पासून ‘पीएम पोषण’ हे नाव घेतलेल्या मध्यान्ह भोजन योजनेतही त्या बागांस स्थान आहे. हेतू उत्तम आहे. परंतु जी बाग वरून आलेल्या पत्रामुळे लागते, ती पुढचे पत्र येईपर्यंतच टिकते.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेने शाळकरी मुलांची एक ‘बागसेना’ उभी केली होती. लाखो मुले पटावर आली, परसे आणि मोकळ्या जागा भाजीपाल्याने भरल्या. युद्ध संपले, सरकारी पाठबळ आटले, आणि अल्पावधीत ती सेना विसर्जित झाली. आपल्या देशात ह्याहून फार खोल विचार झाला होता. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, आणि सेवाग्रामात आर्यनायकम दांपत्याने ती निष्ठेने चालविली. हस्तोद्योगातून गणित, भूगोल, भाषा असे सर्व शिक्षण द्यावे, हा तिचा गाभा. तथापि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्चही बराचसा निघावा, ही अपेक्षा तिला जड गेली. कित्येक ठिकाणी सूत किती निघाले ह्याचा हिशेब उरला आणि मूल काय शिकले हा प्रश्न मागे पडला. शाळेच्या बागेने ह्यातून एक धडा घ्यावा: किती किलो भेंडी निघाली ह्यावरून बागेची किंमत करू नये.

उलट जी कामे टिकली त्यांच्याकडे पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि साताऱ्याच्या धनिणीच्या बागेतील त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवली व एकमेकांच्या शेजारी उभी राहून राबली. श्रमाची लाज तेथे उरली नाही, कारण श्रम सर्वांच्या वाट्यास सारखे आले. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंच्या दक्षिणामूर्तीत काम करून आल्या होत्या. त्यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभिले, ते पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि अनुताई वाघांनी ते जन्मभर सांभाळिले. आदिवासी मुले गुरे राखतात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसताच ह्या बायांनी शाळाच कुरणावर नेली. पाने, बिया, खडे, शिंपले हे तेथील शैक्षणिक साहित्य. जे मुलाच्या पायाखाली आहे त्यावरून शिकवावयाचे, ही कोसबाडची रीत. पेडणे-डिचोलीच्या बागेसही हीच रीत लागू पडते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. बाग पुन्हा धरावयाची तर पहिल्या दिवशी कुदळ हाती घेऊ नये. पहिल्या दिवशी मुलांनी नुसते पाहावे. काय मेले, काय जगले, आणि न लावता काय उगवले, ह्याची यादी करावी. शेवगा बहुधा तगलेला असतो, अळूचे कंद पहिल्या सरींनी वर येतात, आणि कडेला टायकिळा आपोआप उगवतो. जे जगले ते का जगले, ह्या एका प्रश्नात उन्हाळा, मूळ, सावली आणि पाणी एवढे धडे आहेत. नंतर जागेचा विचार. गोव्याचा शेतकरी जमिनीस मोरड, खेर, खाजन अशा नावांनी ओळखतो: उंचावरची पावसाळी जमीन, मधली रेताड जमीन आणि खाडीकाठची खारी जमीन. आपली शाळा ह्यांपैकी कशावर बसली आहे, हे मुलांनी गावातल्या एखाद्या वृद्ध कुळकऱ्यास विचारून यावे. जांभ्याची माती आंबट व निकस असते, म्हणून चुलीची राख आणि कुजलेला पाचोळा तिला मानवतो. एवढ्या पावसात सपाट वाफा वाहून जातो, म्हणून वाफे वीतभर उंच करावेत व चरांस उतार द्यावा. कुंपणास तारेची वाट पाहू नये. गिरिपुष्पाच्या फांद्या पावसाळ्यात खोचल्या की धरतात, आणि त्यांचा पाला पुढे खतास येतो.

पहिले बी तांबड्या भाजीचे पेरावे. महिन्याभरात ती कापणीस येते, आणि बाग एकदा मेलेली पाहिलेल्या मुलांस लवकर फळ दिसणे अगत्याचे असते. तिच्या पाठोपाठ भेंडी, दोडकी, काकडी. आणि भाताची कापणी झाल्यावर, गोव्यात ज्याला वायंगण म्हणतात त्या हंगामात, अळसांदे. शंभर बिया मोजून पेराव्यात व किती उगवल्या ते मोजावे, म्हणजे शेकडेवारी फळ्यावर शिकविण्याचे कारण उरत नाही. पत्र्याच्या डब्यात रोजचा पाऊस मापावा. वाफ्याची लांबी-रुंदी मुलांनीच काढावी.

भूगोल-इतिहासाचे तर एका मिरचीत भांडार आहे. पेडण्याची हरमल मिरची प्रसिद्ध. २०२१ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु ही मिरची मुळात आपली नव्हे. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. काजू, पपई, अननस, पेरू हेही तिकडूनच आले. ज्या सत्तेने देवळे पाडली तिच्याच जहाजांतून आपल्या फोडणीतली मिरची आली, आणि हरमलच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून ती इतकी आपलीशी केली की तिला गावाचे नाव लागले. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो, हे दहा वर्षांच्या मुलास समजावयास मिरचीच्या रोपाहून चांगले साधन आम्हांस तरी दिसत नाही.

नावांची गोष्ट ह्याहून महत्त्वाची. तेथील मूल घरी कोंकणी बोलते व शाळेत मराठी वाचते. घरी जे ‘तेरें’ ते पुस्तकातले रानअळू, घरचे ‘फागलां’ म्हणजे आपली करटोली, आणि तेथील टायकिळा हाच आपला टाकळा. बागेतल्या प्रत्येक झाडास दोन्ही नावांची पाटी असावी. घरची भाषा आणि शाळेची भाषा ह्यांचे भांडण वृत्तपत्रांतून पुष्कळ झाले. वाफ्याच्या कडेला त्या दोघी सुखाने शेजारी नांदतील. आणि ही नावे सांगावयास शिक्षक पुरेसा पडणार नाही. त्यासाठी मुलांच्या आज्यांस शाळेत बोलवावे लागेल. कोणते पान कोणत्या नक्षत्रात खावे, कोणत्या कंदाने घसा खाजतो व त्यावर कोकम कां घालावे, हे ज्यांस ठाऊक आहे त्या बाया शाळेच्या पायरीवर कधी चढल्या नसतील. पण ह्या विषयात त्याच अध्यापक होत.

गोव्याच्या चवथीच्या सणात ह्या विद्येची परीक्षाच असते. गणपतीच्या मस्तकावर लाकडी चौकट टांगून तीवर रानातली व परसातली फळे, फुले, कंद, शेंगा बांधतात. तिला माटोळी म्हणतात. नारळ-सुपारीच्या घोसांपासून कोणास नावही सांगता येणार नाही अशा रानफळांपर्यंत सर्व काही तीवर असते. पूर्वी घरातली मुले मोठ्यांबरोबर रानात जाऊन ती जमवीत. आता पुष्कळ जिन्नस बाजारातून विकत येतात, आणि मागणी वाढली की रानातून ओरबाडून आणले जातात. शाळेच्या बागेने एक कोपरा माटोळीसाठी राखावा. त्यात रानवेली मुद्दाम लावाव्यात, आणि चवथीच्या सुटीस जाताना प्रत्येक मुलाने आपल्या हातचे एक फळ घरच्या माटोळीस न्यावे. सुटी म्हणजे बागेचा शत्रू, हे समीकरण तेवढ्यापुरते तरी उलटेल.

कोणी म्हणेल, मुलांस शाळेत पाठवावयाचे ते खणण्यासाठी काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणे चालत आले, ते आईबाप मुलाच्या हाती पुन्हा खोरे पाहून बिथरले तर तो त्यांचा दोष नव्हे. म्हणून नियम असा हवा की काम शिक्षा म्हणून कधीही द्यावयाचे नाही. मुलगे व मुली, कुळाचे मूल व भाटकाराचे मूल, सर्वांच्या पाळ्या सारख्या. आणि शिक्षकाचा हातही मातीत असलाच पाहिजे. जेथे शिक्षक छत्री धरून उभा राहतो व मुले खणतात, तेथे बाग नसलेली बरी. दुसरा आक्षेप परीक्षेचा. त्यास उत्तर एवढेच की आठवड्याचे दोन तास पुरतात, आणि त्या दोन तासांत गणित, विज्ञान व भाषा ह्यांपैकी काही ना काही शिकून होतेच.

परंतु खरा प्रश्न ह्याहून मोठा आहे. पेडण्याच्या सड्यावर मोपा येथे नवा विमानतळ झाला व २०२३ च्या जानेवारीपासून तेथून विमाने उडू लागली. किनाऱ्यावर हरमल, मांद्रे, मोरजी येथे जमिनीस सोन्याचा भाव आला. ज्या शेतांत मिरची पिकत होती ती विकली जात आहेत, आणि विकणाऱ्यास दोष देणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणींनी पैसा दिला, आणि पावसाबरोबर गाळही शेतांत आणला. कित्येक विहिरींचे पाणी खोल गेले. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा चालल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि २०२४ पासून डिचोलीत नव्याने उत्खनन सुरू झाले. ह्या उलाढालीत एक अख्खी पिढी अशी वाढली की जिने शेत मोडताना पाहिले, पण उभारताना पाहिले नाही. तिला कोणी सांगितले की पडीक जमीन पुन्हा पिकते, तर तिने त्यावर विश्वास कां ठेवावा? शाळेच्या दहा पावले वाफ्यात, गुरांनी तुडविलेल्या व उन्हाने जळलेल्या मातीत, आपल्याच हातांनी पुन्हा अंकुर आणलेले मूल मात्र तसा विश्वास ठेवू शकेल. पुढे तो विमानतळावर नोकरी करो की खाणीवर, जमीन म्हणजे नुसता भाव नव्हे एवढे त्यास कळलेले असेल.

म्हणून पुढच्या खंडाची तयारी आजच करावी. सुटी येणार, उन्हाळा येणार, शिक्षकाची बदलीही होणार. ह्यांतले काही टळणारे नाही. मार्च संपण्यापूर्वी मुलांनी बी धरावे, राखेत घोळून मडक्यात भरावे, आणि मडक्यावर पिकाचे नाव, वर्ष व बी धरणाऱ्यांची नावे लिहावीत. ते मडके शाळेच्या कपाटात न ठेवता गावातील दोन-तीन घरी ठेवावे, म्हणजे शाळेस कुलूप लागले तरी बी गावात राहील. एक वही असावी. तीत काय पेरले, केव्हा पाऊस आला, कोणता वाफा कां फसला, हे लिहावे, आणि नव्या शिक्षकाच्या हाती हजेरीपटाबरोबर तीही द्यावी. मध्यान्हीचा आहार गोव्यात महिलांचे गट रांधतात. त्या बायांस बागेच्या कारभारात भागीदार करून घ्यावे. सुटीत पाणी घालण्याची पाळी शाळेजवळच्या घरांस वाटून द्यावी, आणि जे पिकेल ते त्या घरांनी खावे. मे महिन्यात जे जगविता येत नाही ते निश्चिंतपणे मरू द्यावे. शेवगा, कढीलिंब, अळू ही मंडळी तग धरतील, बाकीचे मृगात पुन्हा पेरता येईल.

आपल्या वाचकांस ह्यात काय करावयाचे? सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या नगरीचे आपण रहिवासी. शाळा ही सर्वांची जबाबदारी, हा संस्कार आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. ह्या पावसाळ्यानंतर जी कुटुंबे कुलदैवताच्या दर्शनास गोव्याला जातील, त्यांनी देवळाजवळच्या मराठी शाळेत अर्धा तास जरूर डोकवावे. अभिषेकाच्या पावतीबरोबर एखादे खोरे, एखादी झारी, पाण्याची एखादी टाकी त्या शाळेस दिली तर ती देवास पावल्यावाचून राहणार नाही. बागेची वही मागून वाचावी आणि मुलांस दोन प्रश्न विचारावेत. लांबून आलेल्या माणसाने आपल्या वाफ्याची चौकशी केली, ही गोष्ट मुले विसरत नाहीत. आणि परत येताना हरमलच्या मिरचीचे मूठभर बी मागून आणावे. आपल्या मुलांच्या शाळेतही एखादा कोपरा रिकामा असेलच.